ज्यांच्याबरोबर ओढता, त्यांच्याबरोबरच सोडता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, भोसरी एमआयडीसीत मशिनवर काम, तिन्ही शिफ्ट फिरत्या. दिवसाला बारा-पंधरा सिगारेटी, पहिली उठल्याउठल्या. मागच्या वर्षी एकट्याच्या जिवावर सोडली होती. निकोटीनची च्युइंगम आणली, पण उचक्या लागायच्या म्हणून बंद केली. तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझरशी वाजलं आणि त्याच दिवशी टपरीवर पुन्हा पेटली. आता खात्यातले आणखी दोघं सोडायचं म्हणतायत. एक सिगारेटवाला, दुसरा तंबाखू-चुना मळणारा. तिघांनी मिळून सोडली तर खरंच फरक पडतो, की एक घसरला की तिघंही घसरणार? आणि चहा, जेवण, नाइट शिफ्ट, शनिवारचं बसणं, यांचं काय करायचं?

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांबरोबर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझं स्पष्ट मत सांगतो: तिघांनी मिळूनच सोडा. तुमच्या दिवसभरातल्या सिगारेटींचा हिशेब मांडून पाहा. सकाळची घरातली, येता-जाताची एखादी आणि झोपण्याआधीची सोडली, तर बाकीच्या सगळ्या कुणाच्या तरी बरोबर ओढलेल्या असतात. गेटबाहेरची टपरी, तोच कटिंग, तीच माणसं. तुमची तलफ अर्धी त्या माणसांच्या तोंडाला बांधलेली आहे, मग ती सोडवायला घरातला आरसा काय कामाचा?

मागच्या वेळी तिसऱ्या आठवड्यात का बिनसलं, ते आधी बघू. झुरक्यातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून दिवसभर दर तास-दीड तासाने हात खिशाकडे जातो. सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट जातो. चिडचिड, डोकं जड, झोप उडालेली, कामात लक्ष नाही. तिथून पुढे दोन ते चार आठवड्यांत हे ओसरत जातं. म्हणजे तुम्ही पुन्हा पेटवलीत तेव्हा शरीराचा बराचसा त्रास मागे पडला होता. शिल्लक होती ती सवयीची ओढ. भांडण झालं की बाहेर जायचं, बाहेर गेलं की टपरी, टपरीवर गेलं की सिगारेट, ही ओळच्या ओळ इतक्या वर्षांत पाठ झालेली. त्यात तिसऱ्या आठवड्यात माणूस थोडा गाफील होतो. ‘आता जमलं, एकीने काय होतंय’ हे वाक्य मी याच सुमारास सर्वांत जास्त ऐकतो.

सोबतीचा परिणाम होतो हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात हृदयविकारावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ या काळातली माहिती घेऊन निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी कोण कोणाला ओळखतं आणि कोण कधी धूम्रपान सोडतं, हे ताडून पाहिलं. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी दिसली. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, आणि छोट्या कंपनीत बरोबर काम करणाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. माणसं एकेकटी सोडत नव्हती, घोळक्याघोळक्याने सोडत होती. हा निरीक्षणावर बेतलेला अभ्यास आहे, तेव्हा नेमक्या टक्क्यांना चिकटून बसू नका. पण शेजारच्या मशिनवरचा माणूस जवळच्या मित्राइतकाच मोजला जातो, हे तुमच्यासारख्यांनी ध्यानात घ्यावं. दुसरीकडे, कसलीच मदत न घेता एकट्याने सोडणाऱ्यांपैकी सहा महिने-वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. तुम्ही मागच्या वर्षी पडलात ते कमकुवत होता म्हणून पडला नाहीत.

आता गट कसा चालवायचा, यावर जरा सविस्तर बोलतो, कारण बहुतेक गट इथेच बिघडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो, त्याला झकास नाव मिळतं, पहिले चार दिवस फुप्फुसांचे फोटो आणि सुविचार येतात, आणि दहाव्या दिवशी त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात. ग्रुप ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात मेसेज टाइप करून निळ्या खुणांची वाट बघणं परवडत नाही. म्हणून नियम एकच करा: पेटवायच्या आधी फोन. समोरच्याने उचलायचा आणि पाच मिनिटं काहीही बोलायचं. जॉब कुठला लागलाय, गावाकडे पाऊस किती झाला, पोराची परीक्षा कधी. सिगारेटवर बोललंच पाहिजे असं नाही, न बोललेलं बरं. मशिन चालू असताना फोन घेता येत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा जागेवरून नुसती एक खूण ठरवा, दुसऱ्याला कळलं की पुरे. सुट्टीत तो आपणहून तुमच्याजवळ येईल.

दुसरं, चहाची सुट्टी सोडू नका. मी ज्यांना मदत केली त्यांच्यात एका टूल रूममधले चौघं होते. एकाच सोमवारी त्यांनी सोडायची ठरवली आणि पहिले दोन दिवस सुट्टीत आतच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौघांचीही तोंडं एवढीएवढी झालेली. सुट्टी गेली, गप्पा गेल्या, वर सिगारेट गेली. शिक्षा झाल्यासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांतला एक घरून भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आला. नेहमीच्या टपरीवर न जाता ते मागच्या गेटला कट्ट्यावर उभे राहिले आणि शेंगा फोडत बसले. शेंग अंगठ्याने दाबायची, टरफल टाकायचं, दाणा चोळून साल उडवायची, फुंकर मारायची, तोंडात टाकायचा. हाताला काम, तोंडाला काम, फुंकरसुद्धा आहे. पसाभर शेंगा संपायला एका सिगारेटीपेक्षा जास्तच वेळ लागतो. त्यांची सुट्टी शाबूत राहिली, जागा आणि हातातली वस्तू तेवढी बदलली. महिनाभर तरी जुन्या टपरीकडे फिरकू नका. टपरीवाला ओळखीचा असतो, तो न मागता नेहमीचं पाकीट पुढे सरकवतो. महाराष्ट्रात पाकीट फोडून एकेक सुटी सिगारेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तिसरं, दंड ठेवू नका. ‘जो ओढेल तो पाचशे रुपये देईल’ हे पुष्कळ जणांना आवडतं. माझा त्याला ठाम विरोध आहे. पहिल्या घसरणीला माणूस पाचशे रुपये देण्याऐवजी खोटं बोलतो, आणि एकदा खोटं बोलला की तो गटातून मनाने गेलाच. त्यापेक्षा रोजच्या सिगारेटीचे वाचलेले पैसे तिघांनी एका डब्यात टाका आणि महिन्याअखेरीस मोजा.

चौथं, तिघांत आणखी एक माणूस घ्या, ज्याने सोडून वर्ष-दोन वर्षं झाली आहेत. कंपनीत असा एक तरी सापडतोच. डॉक्टर किंवा माझ्यासारखा समुपदेशक सांगतो ते पुस्तकी वाटू शकतं. पण ‘मलापण दहाव्या दिवशी स्वप्नात सिगारेट दिसली होती, घाबरून उठलो होतो’ हे त्याने सांगितलं की ऐकणाऱ्याच्या खांद्यावरचा भार उतरतो.

आता तुमची खरी भीती, एक घसरला तर. घसरेल, असंच धरून चाला. आधीच ठरवा की ज्याने ओढली त्याने त्याच दिवशी सांगायचं आणि बाकीच्यांनी तीनच गोष्टी विचारायच्या: कुठे होतास, कोण बरोबर होतं, त्याच्या आधी काय झालं? उपदेश नाही, टोमणा नाही, ‘मला वाटलंच होतं’ तर अजिबात नाही. एक सिगारेट ओढली म्हणून आधीचे वीस दिवस पाण्यात जात नाहीत. पण ती लपवली तर दुसरी चोरून होते, चोरीची सवय लागते, आणि मग सगळेच आपापली चोरी करतात. गट फुटतो तो या लपवालपवीने. आणखी एक: घसरलेल्याबरोबर पहिले दोन दिवस एकट्याने टपरीपाशी जाऊ नका. त्याला धीर द्यायला गेलेला स्वतः एक झुरका मारून आलेला मी पाहिलाय. बाकीच्या दोघांनी मिळून त्याला शेंगांच्या कट्ट्यावर आणावं.

घरच्यांबद्दल एक विनंती. बायकोला पोलीस करू नका. जोडीदाराची मदत वाढवून यश वाढतं का, यावर झालेल्या अभ्यासांतून ठाम फायदा दिसलेला नाही. मला त्याचं कारण रोज समोर दिसतं. दारात शर्टाचा वास घेतला जातो, ‘तोंड दाखवा’ म्हटलं जातं, आणि मग माणूस सोडण्यापेक्षा लपवण्यात हुशार होतो. खिशात बडीशेप, डिकीत दुसरा शर्ट. तिला एवढंच सांगा की पहिले दहा दिवस मी चिडेन, ते तुझ्यावर नाही, आणि घरातला ॲशट्रे आणि लायटर तू फेकून दे.

च्युइंगम. उचक्या लागल्या कारण तुम्ही ती साध्या च्युइंगमसारखी चघळलीत, बहुतेक सगळेच तसं करतात. निकोटीन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जायला हवं. भराभर चघळून लाळ गिळली की ते पोटात जातं. मग उचक्या, छातीत जळजळ, मळमळ, आणि तलफ आहे तिथेच. रीत अशी: हळूहळू चावायची, तिखटसर चव किंवा मुंग्या जाणवल्या की थांबायचं आणि गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवायची. चव गेली की पुन्हा चार-सहा वेळा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायची. असं साधारण अर्धा तास. आणि गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही प्यायचं नाही, कारण आंबटपणामुळे निकोटीन शोषलं जात नाही. तुम्ही चहाबरोबर घेत असाल, तर ती घेतली काय आणि न घेतली काय सारखंच. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, आणि तुम्हाला लागते, तर २ मिलिग्रॅमची गम बहुधा कमी पडते. ४ मिलिग्रॅमची घ्यायची का, की त्वचेवर लावायची पट्टी आणि वर गम असं दोन्ही, हे डॉक्टरांना विचारा. दोन्ही मिळून घेतलं तर एकट्या कशाहीपेक्षा जास्त उपयोग होतो. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण त्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत. फिट येत असतील तर बुप्रोपिऑन चालत नाही. औषध घेणं म्हणजे मनाचा कमीपणा, असं गटात कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

सकाळची पहिली सिगारेट. प्रश्नात तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेकांचं अडतं ते इथे, आणि लाजेपायी कुणी बोलत नाही: ‘ओढल्याशिवाय प्रेशर येत नाही.’ यात तथ्य आहे, निकोटीनने आतड्यांना चालना मिळते. सोडल्यावर काही दिवस पोट साफ होत नाही आणि माणूस त्या एका कारणासाठी पुन्हा ओढायला लागतो. आदल्या रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, सकाळी उठल्याउठल्या दोन ग्लास कोमट पाणी, जेवणात काकडी, पेरू, पालेभाजी. शिफ्ट कुठलीही असो, संडासला जायची वेळ शक्यतो एकच ठेवा. थोड्या दिवसांत आतडी आपली आपण कामाला लागतात.

चहा मात्र कमी करा, आणि यामागे एक कारण आहे जे फारसं कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीन भराभर निकालात काढत असतं. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो, आणि तेवढ्याच चहात रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट राहतं. धडधड, हात थरथरणं, झोप न येणं हे सगळं मग ‘सिगारेट सोडल्यामुळे’ म्हणून खपतं. शिफ्टला सहा कप होत असतील तर तीनावर या. याच कारणाने मानसिक आजाराच्या किंवा दम्याच्या काही औषधांचे डोससुद्धा बदलावे लागतात. तुमच्यापैकी कुणी रोजची औषधं घेत असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

जेवणानंतर लगेच उठा, डबा धुवा, चूळ भरा, शक्य असेल तर ब्रश करा. तोंडात लवंग किंवा दालचिनीचा तुकडा ठेवा. सुपारी नको. सिगारेट सोडून सुपारीवर गेलेले खूप भेटतात आणि त्यांना वाटतं सुटलो. नुसती, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते नोंदवलं आहे.

शनिवारचं बसणं पहिला महिनाभर बंद. याला माझ्याकडे पळवाट नाही. दोन पेग झाल्यावर कुणाचाच निश्चय कामाचा राहत नाही. तिघं मिळून सोडताय तर त्या संध्याकाळी तिघांनी दुसरीकडे कुठेतरी जावं, सहकुटुंब मिसळ खायला का होईना. लग्नातली हळद, गणपतीत मांडवातली रात्रीची ड्यूटी, थर्टी फर्स्ट, यांच्या आधी फोन करून ठरवा की कोण कुणाबरोबर निघणार. एकट्याने थांबू नका.

दिवस कधीचा धरायचा? पाडवा किंवा एक जानेवारीची वाट बघू नका. पुढच्या दोन आठवड्यांतला, तिघांचीही फर्स्ट शिफ्ट असेल तो सोमवार धरा. नाइटच्या आठवड्यात सुरुवात करू नका. पहाटे तीनला झोप, थकवा आणि तलफ एकदम अंगावर येतात. पहिली नाइट येईल तेव्हा दोनेक आठवडे पार पडलेले असतील. त्या रात्रीसाठी चणे-फुटाणे, गार पाण्याची बाटली आणि ‘तीन वाजता भेटू’ एवढं ठरवलेलं असावं.

हळूहळू कमी करू का, असं गटात कुणीतरी विचारेलच. तारीख ठरवून तिथपर्यंत कमी करत आणत असाल तर हरकत नाही. पण रोज एकीवर थांबून समाधान मानू नका. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा भाग नाही. सोडल्यावर पहिल्या दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. खोकला सुरुवातीला वाढू शकतो, छाती साफ होत असते. रक्त पडलं किंवा तीन आठवड्यांनंतरही थांबला नाही तर दाखवा. वजन चार-पाच किलो वाढतं, ते नंतर बघता येतं.

मित्र फोन उचलत नसेल तर कामी यावा म्हणून एक नंबर सेव्ह करून ठेवा: १८००-११-२३५६. सरकारी, फुकट, आणि मराठीत बोलणारे समुपदेशक मिळतात. पाकिटावरही तो छापलेला असतो. तिघांनी वेगवेगळे फोन करा, तेही पुढच्या तारखा ठरवून परत फोन करतात.

राहिला तंबाखू-चुनावाला मित्र. त्याला जरूर घ्या. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि न ओढता तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले. म्हणजे तुमच्या खात्यात त्याच्यासारखे तुमच्यापेक्षा जास्त असणार. तलफ तीच, निकोटीनही तेच. फक्त त्याची टपरी खिशातच असते. त्यामुळे त्याने पुडी आणि चुन्याची डबी घरी ठेवून यायचं आणि तुम्ही दोघांनी त्याच्या हाताकडे लक्ष ठेवायचं. डावा तळवा पुढे आला आणि अंगठा फिरायला लागला की हातात शेंगा द्यायच्या. मात्र सोडण्याची तारीख येण्याआधीच त्याला दंतवैद्याकडे पाठवा. तोंड पूर्ण उघडतं का, स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का, तिखट झोंबतं का, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेला फोड आहे का, हे त्याने आरशात आजच बघावं. यातलं काहीही आढळलं तर रजा टाकून जावं, आणि तुमच्यापैकी एकाने त्याच्याबरोबर जावं.